गिझर काढून हीट पंप बसवायचाय? आधी या प्रश्नांची उत्तरं वाचा

हवेतली उष्णता घेऊन घरच्या वापराचं पाणी तापवणाऱ्या हीट पंपाबद्दलचे हे प्रश्न आहेत. खोली गरम करणाऱ्या यंत्रणेचा विचार इथे केलेला नाही. हीट पंपाबद्दलच्या बहुतेक तक्रारी यंत्रातल्या दोषामुळे येत नाहीत. टाकी लहान घेतलेली असते, जागा चुकलेली असते किंवा गिझरची सवय तशीच राहिलेली असते. म्हणून पुढच्या उत्तरांत यंत्रापेक्षा या तीन गोष्टींवर जास्त भर आहे.

हीट पंप कमी विजेत पाणी कसं तापवतो?

गिझरमधली कॉइल विजेचीच उष्णता करते. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते, त्याहून जास्त कधीच मिळत नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, तो ती उपसतो. विहिरीवरचा पंप पाणी बनवत नाही, खालचं पाणी वर चढवतो, तसंच हे काम आहे. पंखा बाहेरची हवा एका थंड कॉइलवरून ओढतो. कॉइलमधला गॅस त्या हवेतली उष्णता घेतो. कॉम्प्रेसर गॅस दाबून ८०-९० अंशांपर्यंत गरम करतो आणि ती उष्णता टाकीतल्या पाण्याला दिली जाते. मग एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरतो, गॅस पुन्हा थंड होतो आणि फेरा परत सुरू होतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंखा फिरवण्यापुरती.

खर्चलेल्या विजेच्या किती पट उष्णता मिळाली, त्या आकड्याला सीओपी म्हणतात. पाणी तापवणाऱ्या यंत्रांत तो साधारण २.५ ते ४ असतो. माहितीपत्रकातला आकडा वाचताना तो हवेच्या कोणत्या तापमानाला आणि किती अंशांच्या पाण्यासाठी मोजला आहे, हेही पाहा. ही जोड दिलेली नसेल तर त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

बचत नेमकी किती होते? हिशेब कसा करायचा?

हिशेब सोपा आहे, घरीच करता येतो. लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०, म्हणजे लागणारी उष्णता युनिटमध्ये. रोज १५० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायचं असेल तर १५० × ३५ ÷ ८६०, म्हणजे सुमारे ६.१ युनिट. टाकीच्या भिंतींतून दिवसभरात दीड युनिटभर उष्णता जाते असं धरा. एकूण ७.६ युनिट. साठवण गिझरला तेवढी सगळी वीज लागेल. ३ सीओपीच्या हीट पंपाला सुमारे अडीच. रोजची बचत पाच युनिटांची. याला तुमच्या विजेच्या दराने गुणा.

उन्हाळ्यात मात्र नळाचंच पाणी कोमट येतं, पाणी कमी अंशांनी तापवावं लागतं आणि बचतही कमी होते. त्यामुळे पाच युनिटांना सरळ ३६५ ने गुणून वर्षाचा आकडा काढू नका. वर्षाचे तीन भाग करा आणि प्रत्येक भागात नळाचं पाणी किती थंड असतं ते साध्या थर्मामीटरने मोजा.

कोणी हीट पंप घेऊ नये?

घरात एक-दोनच माणसं आहेत, गरम पाणी दिवसाला ४०-५० लिटरच लागतं किंवा घर महिन्यातले बरेच दिवस बंद असतं, अशांनी घाई करू नये. तिथे टाकीतून निसटणारी उष्णताच वापराच्या मानाने मोठी ठरते आणि खर्च वसूल व्हायला फार वर्षं लागतात. ज्यांच्याकडे यंत्राला हवा मिळेल अशी जागाच नाही, त्यांनीही दुसरा पर्याय पाहावा.

बटण दाबल्यावर लगेच गरम पाणी येईल का?

नाही. गिझरच्या सवयीला सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो. घरगुती हीट पंप पाण्याला तासाला साधारण दीड ते दोन युनिट उष्णता देतो. २०० लिटरची टाकी २० वरून ५५ अंशांवर न्यायला ८.१ युनिट उष्णता लागते, म्हणजे चार ते साडेपाच तास. हा वेग वाढवायचा नसतो. टाकी आधी तापवून ठेवायची आणि दिवसभर त्यातलं पाणी वापरायचं, अशीच याची रीत आहे. आंघोळीच्या वीस मिनिटं आधी चालू करून नंतर बंद करणारी घरं हीट पंपावर नाराज होतात, आणि तसं वापरलं तर नाराजी रास्तच आहे.

टाकी किती लिटरची घ्यावी?

माणसं मोजण्याआधी सलग वापर मोजा. सकाळच्या सर्वांत गर्दीच्या दोन तासांत किती गरम पाणी जातं, हा खरा प्रश्न आहे, कारण तेवढ्या वेळात यंत्र टाकीत फारशी भर घालू शकत नाही.

शॉवरमधून मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी जातं. आठ मिनिटांची आंघोळ म्हणजे सुमारे ७० लिटर, तेही ४० अंशांचं मिसळलेलं पाणी. टाकीत ५५ आणि नळाला २० अंशांचं पाणी असेल तर त्यात टाकीचा वाटा ५७ टक्के, म्हणजे ४० लिटर. लागोपाठ चार आंघोळी म्हणजे १६० लिटर. टाकीतलं सगळं पाणी पूर्ण गरम मिळत नाही, कारण खालून थंड पाणी शिरत असतं. वापरण्याजोगा भाग ८० टक्के धरा. १६० भागिले ०.८, म्हणजे २०० लिटरची टाकी. नळाचं पाणी १० अंशांवर येतं अशा ठिकाणी हाच वाटा ६७ टक्क्यांवर जातो आणि २५० लिटरची टाकी लागते.

दोन मापांच्या मध्ये अडलात तर मोठी घ्या. एरवी मोठं यंत्र घेण्याचा सल्ला आम्ही देत नाही, पण इथे टाकी लहान पडली की घरचे बॅकअप हीटर, म्हणजे यंत्रातलीच गिझरसारखी विजेची कॉइल, चालू करतात आणि बचत तिथेच संपते.

तापमान किती अंशांवर ठेवायचं?

रोजच्यासाठी ५० ते ५५. पाणी जितकं जास्त तापवाल तितकं कॉम्प्रेसरला जास्त दाबावर काम करावं लागतं. प्रत्येक वाढीव अंशामागे सीओपी साधारण २ टक्के घसरतो. ६५-७० अंश मागितले तर बहुतेक यंत्रं उरलेला टप्पा थेट हीटरने पूर्ण करतात.

पण तापमान फार उतरवणंही धोक्याचं आहे. साठवलेल्या पाण्यात लीजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांमध्ये वाढतात. त्यांचा तुषार श्वासातून आत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना धोका जास्त. ६० अंशांना ते काही मिनिटांत मरतात, ५० अंशांना तासच्या तास लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांवर नेणारी सोय यंत्रात असते. ती चालू ठेवा. घर बरेच दिवस बंद होतं तर परतल्यावर आधी हा फेरा चालवा, मगच शॉवर वापरा.

६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची त्वचा पाचेक सेकंदांत गंभीर भाजू शकतं, लहान मुलाची त्याहून लवकर. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या नळीवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे थंड पाणी मिसळून ठरलेलं तापमान राखणारा व्हॉल्व्ह, बसवा आणि तो ५० अंशांच्या आत लावून ठेवा. लहान मुलं असलेल्या घरात हा व्हॉल्व्ह आम्ही ऐच्छिक मानत नाही.

यंत्र कुठे बसवायचं?

याचं पोट हवेवर भरतं. जिथे हवा खेळती, उबदार आणि स्वच्छ, तिथे ते कमी विजेत काम करतं.

टाकी आणि पंप एकाच खोक्यात असलेलं यंत्र बंद खोलीत ठेवलं तर ते तिथलीच हवा पुन्हा पुन्हा ओढतं. खोली गार पडत जाते आणि हवा गार पडली की सीओपी घसरतो. अशा यंत्राला किमान २० ते ३० घनमीटरची खोली लागते. अडीच मीटर उंचीच्या खोलीत म्हणजे ८ ते १२ चौरस मीटर जमीन. त्याहून लहान जागा असेल तर दाराला वर आणि खाली जाळी द्या किंवा १५० ते २०० मिलिमीटरच्या डक्टने, म्हणजे हवा नेणाऱ्या रुंद नळीने, गार हवा बाहेर सोडा. डक्टमध्ये वळणं कमीत कमी ठेवा, प्रत्येक काटकोनी वळण पंख्यावर भार टाकतं.

टाकी आत आणि पंप बाहेर असलेलं यंत्र असेल तर बाहेरच्या भागापुढे मीटरभर मोकळी जागा सोडा. मागे आणि बाजूला किती सोडायची ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तो आकडा पाळा. पंख्यासमोर भिंत आली की बाहेर फेकलेली गार हवा वळून परत आत ओढली जाते. पत्र्याच्या शेडमध्ये, जिन्याखालच्या कोनाड्यात, एसीच्या बाहेरच्या यंत्राला चिकटून ठेवलेल्या पंपांत हा दोष हमखास सापडतो. स्वयंपाकघराच्या चिमणीची तेलकट हवा येते अशी जागाही नको, पंख्याच्या पात्यांवर आणि कॉइलवर चिकट थर बसतो. समुद्राकाठच्या घरांत कॉइलला गंजरोधक लेप आहे ना, हे विचारून घ्या.

टाकीचं वजन विसरू नका. २०० लिटरची टाकी भरल्यावर यंत्रासह पावणेतीनशे ते तीनशे किलो होते आणि तो भार तीन-चार पायांवर येतो. हलक्या भिंतीवर किंवा जुन्या स्लॅबच्या मधोमध ती ठेवण्याआधी बांधकाम जाणणाऱ्याला दाखवा.

टाकी आंघोळीच्या जागेजवळ हवी. २० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत मीटरमागे ०.३१ लिटर पाणी मावतं. पंधरा मीटर लांब नळीत पावणेपाच लिटर. प्रत्येक वेळी तेवढं गार पाणी आधी सोडावं लागतं आणि नंतर तेवढंच गरम पाणी नळीत निवतं. दिवसात दहा वेळा नळ उघडला तर हा तोटा बराच होतो. गरम पाण्याच्या नळीला सबंध लांबी फोमचं आवरण घाला, वळणं आणि व्हॉल्व्हसुद्धा उघडे ठेवू नका.

यंत्रातून पाणी गळतं. बिघाड आहे का?

बहुधा नाही. गार कॉइलवर हवेतली वाफ थिजून पाणी होते, दमट दिवसात दोन-अडीच लिटरही. त्यासाठी उताराची वेगळी ड्रेन नळी हवी. नळी वर चढलेली किंवा शेवाळाने चोंदलेली असेल तर पाणी यंत्रातच साचतं. थेंब सेफ्टी व्हॉल्व्हमधून येत असतील तर मात्र दाबाचा प्रश्न आहे, तो पुढे पाहू.

थंडीत चालतो का?

चालतो, पण हळू आणि जास्त विजेत. हवा ५-७ अंशांच्या खाली गेली की कॉइलवर हिम साचू लागतं. यंत्र थोडा वेळ उलटा फेरा मारून ते वितळवतं, त्या काळात वाफ निघालेली दिसते आणि पाणी तापत नाही. हे नेहमीचंच आहे. प्रत्येक यंत्राची खालची मर्यादा वेगळी असते, काही ५ अंशांना थांबतात आणि हीटरवर जातात, काही शून्याच्या बऱ्याच खाली चालतात. तुमच्याकडच्या सर्वांत थंड पहाटेचा आकडा घेऊन मगच यंत्र निवडा. थंडीच्या दिवसांत दुपारी पाणी तापवलं तर हवा उबदार असल्याने फरक लगेच दिसतो.

आवाज?

साधारण ४५ ते ५५ डेसिबल, फ्रीजपेक्षा जास्त, बोलण्यापेक्षा कमी. त्रास होतो तो भिंतीतून उतरणाऱ्या थरथरीचा. रबरी पाय लावा, नळ्यांना शेवटी लवचीक तुकडा जोडा आणि झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला यंत्र टेकवू नका.

आमचं पाणी जड आहे. टाकी टिकेल का?

टाकीचं आयुष्य पाण्यावर ठरतं, म्हणून खरेदीआधी पाण्याची तपासणी करून घ्या. एकूण कठीणपणा आणि क्लोराइड, हे दोन आकडे पुरेसे आहेत.

कठीणपणा जास्त असेल तर कॅल्शियमचा पांढरा थर बसतो. पाणी जितकं गरम तितका थर वेगाने बसतो, ६० अंशांच्या पुढे तर फारच. हीटरच्या कॉइलवर आणि पातळ पत्र्यांच्या हीट एक्स्चेंजरवर, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागावर, तो सर्वांत आधी धरतो. म्हणून जड पाण्याच्या घरात कंडेन्सरची, म्हणजे गरम गॅसची, नळी टाकीच्या बाहेरून गुंडाळलेलं यंत्र घ्यावं. त्यात पाणी आणि गॅसची नळी यांच्यामध्ये टाकीची भिंत असते, आणि बारीक फटी चोंदण्याचा प्रश्न राहत नाही.

क्लोराइड जास्त असेल, म्हणजे लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर, तर साध्या स्टेनलेस स्टीलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, तीही जोडाच्या रेषेवर. अशा पाण्याला काचेचा मुलामा दिलेली पोलादी टाकी बरी. तिच्यात मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. टाकीऐवजी तो स्वतः गंजतो आणि पोलाद वाचवतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी तो बाहेर काढून पाहा. निम्म्याहून जास्त झिजला असेल किंवा मधली तार दिसत असेल तर बदला. किती वेळात झिजला त्यावरून पुढची तपासणी कधी करायची ते ठरवा. रॉड वरून काढायचा असतो, तेव्हा टाकीवर त्याच्या लांबीएवढी मोकळी जागा हवी. छताला भिडवून बसवलेल्या टाकीचा अ‍ॅनोड कोणी कधीच बदलत नाही, आणि काही वर्षांतच टाकी गळू लागते.

गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर पाण्यातले सल्फेट, काही जिवाणू आणि मॅग्नेशियम यांचा तो परिणाम असतो. टाकी ६५ अंशांवर नेऊन धुवा. वास परत आला तर अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा किंवा विजेवर चालणारा अ‍ॅनोड बसवा.

नळजोडणीत काय असायलाच हवं?

पाणी तापलं की फुगतं. २० वरून ६० अंशांवर जाताना सुमारे १.५ टक्के, म्हणजे २०० लिटरमागे तीन लिटर. थंड पाण्याच्या नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतोच, त्यामुळे फुगलेलं पाणी मागे जाऊ शकत नाही, दाब चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह थेंबथेंब गळतो. तो वारंवार गळून खराब होऊ नये म्हणून १२ ते १८ लिटरचं एक्सपान्शन व्हेसल, म्हणजे फुगलेलं पाणी सामावून घेणारं हवा भरलेलं छोटं भांडं, लावा. त्यातल्या हवेचा दाब येणाऱ्या पाण्याच्या दाबाइतका भरा, तोही व्हेसल रिकामं असताना.

दाब आणि तापमान या दोन्हींवर उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीच्या वरच्या भागात हवा. त्याच्या तोंडाची नळी खाली, माणसांपासून दूर सोडा. तिला नळ किंवा टोपण कधीही लावू नका. गळतो म्हणून तोंड बंद करणं हा सर्वांत घातक उपाय आहे. आत दाब साचला तर टाकी फुटते आणि उकळत्या पाण्याची वाफ होऊन स्फोट होतो.

टाकी उंचावर असेल तर उलटा धोकाही असतो. खालचा नळ उघडून पाणी वेगाने उतरलं आणि वरून हवा आत आली नाही, तर टाकी आत चेपते. त्यासाठी हवा आत घेणारा व्हॅक्यूम ब्रेकर लागतो. तांब्याची नळी पोलादी टाकीला थेट जोडू नये, दोन धातूंमध्ये गंज लवकर धरतो. मध्ये इन्सुलेटेड युनियन, म्हणजे दोन धातू एकमेकांना टेकू न देणारा जोड, घाला.

वायरिंग बदलावं लागेल का?

कॉम्प्रेसर ५०० ते १००० वॉट घेतो, बॅकअप हीटर वेगळे दीड ते दोन किलोवॉट. दोन्ही एकदम चालू शकतात असं धरून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) द्या. अर्थिंग मोजून घ्या, नुसतं तिसरं भोक आहे एवढ्यावर समाधान मानू नका. वीज गेली-आली की कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही, दाब सम व्हायला तीनेक मिनिटं थांबतो. ते योग्यच आहे.

पहिल्या दिवशी काय चुकतं?

टाकी भरण्याआधी वीज दिली जाते. कोरडा हीटर मिनिटभरात जळतो. आधी गरम पाण्याचा सर्वांत दूरचा नळ उघडा, टाकी भरू द्या, नळातून हवा संपून अखंड धार आली की मगच वीज द्या. यंत्र आडवं करून आणलं असेल तर ते उभं करून दिवसभर तसंच राहू द्या, कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर यायला हवं.

गॅस कोणता असावा? तो दरवर्षी भरावा लागतो का?

दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर यंत्राला गळती आहे. फेरा बंद असतो, गॅस वापरून संपत नाही. गळती शोधून बुजवल्याशिवाय नुसता गॅस भरून घेऊ नका.

आर-१३४ए आणि आर-४१०ए हे जुने गॅस. पृथ्वी तापवण्याची त्यांची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या अनुक्रमे १४३० आणि २०८८ पट आहे. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर ते टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत. आर-३२ चा आकडा ६७५, आर-२९० म्हणजे प्रोपेनचा ३, आणि कार्बन डायऑक्साइड स्वतः १. प्रोपेन उत्तम चालतो, पण तो ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड आहे. अशा यंत्राचा बाहेरचा भाग तळघराची खिडकी, गटाराचं तोंड आणि ठिणगी पडणाऱ्या गोष्टींपासून दूर ठेवा. त्याच्या गॅसला हात लावणारा कारागीर त्यासाठी प्रशिक्षित असायला हवा.

छतावर सौर पॅनेल आहेत. जमेल का?

छान जमेल. टायमर दुपारी ११ ते ४ लावा. त्या वेळी पॅनेलची वीज असते, हवा सर्वांत उबदार असते आणि टाकी ती उष्णता रात्रीपर्यंत, अगदी दुसऱ्या सकाळपर्यंत धरते. बॅटरीशिवाय ऊन साठवायचा इतका सोपा मार्ग दुसरा नाही.

देखभाल किती?

तीन महिन्यांनी हवेची जाळी आणि कॉइल मऊ ब्रशने साफ. उभ्या पातळ पत्र्या वाकवू नका. सहा महिन्यांनी सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी सुटतं का पाहा. वर्षातून एकदा खालच्या नळातून गाळ काढा, अ‍ॅनोड आणि एक्सपान्शन व्हेसलचा दाब तपासा. इतकं झालं तर दहा ते पंधरा वर्षं अपेक्षा ठेवता येते.

बसवला, पण बिल उतरलं नाही. आता?

आधी बॅकअप हीटर पाहा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. यंत्र ‘जलद’ किंवा ‘हायब्रिड’ पद्धतीवर राहिलं असेल तर हीटरही वरचेवर चालतो आणि पंपाला काम कमी उरतं. फक्त हीट पंपाची पद्धत निवडा आणि एक आठवडा पाहा.

फरक पडला नाही तर यंत्राच्या लाइनवर छोटं मीटर लावा. रात्री कोणी पाणी वापरत नसताना टाकी किती वेळा तापते ते पाहा. सहा-आठ तासांत एकदाही सुरू झालं नाही तर टाकी चांगली आहे. वारंवार सुरू होत असेल तर गरम पाणी आपोआप नळीत चढून निवतंय, मिक्सर नळातून गरम-थंड एकमेकांत मिसळतंय किंवा फिरत्या पाण्याचा पंप चोवीस तास चालू राहिलाय. टाकीच्या गरम तोंडाशी नळी आधी खाली वळवून मग वर नेली की पहिला दोष जातो.

शेवटी पंख्याच्या दोन्ही बाजूंना थर्मामीटर धरा. आत जाणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा काही अंशांनी गार हवी. फरकच नसेल तर गॅस कमी आहे किंवा कॉम्प्रेसर दाबत नाही. फरक फार मोठा असून झोत मंद असेल तर जाळी चोंदली आहे. यंत्राभोवतीची हवा मोकळ्या हवेपेक्षा गार लागत असेल, तर यंत्र स्वतःचीच गार हवा ओढतंय आणि त्याची जागा बदलायला हवी.